पिवळा बेडूक

वजनकाटा तपासताना आधी वजन ठेवायचं नसतं. पारडं रिकामं ठेवायचं, हात मागे घ्यायचे आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. रिकाम्या पारड्यावर ज्याचा आकडा हलतो तो काटा खोटारडा. त्याच्यावर पुढे सोनं ठेवा नाहीतर बटाटे, तो खोटंच बोलणार. सत्तावीस वर्षं ती सरकारच्या वजनमाप खात्यात हेच काम करत होती. बाजारातली माणसं तिला काटेबाई म्हणत, तोंडावर आदराने आणि पाठीमागे दातओठ खात, कारण तिने नापास केलेला काटा कुणाच्या बापाला पास करून घेता येत नसे.

अशी बाई व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घ्यायला गेली तर दुकानदाराचं काय होणार?

"हा तिसरा परत आणलात, काटेबाई. याला काय झालं?"

"उशिरा बोलतो. आधीच्या दोघांहून कमी, पण बोलतो."

"कंट्रोलर बोलत नाही हो. तुम्हाला गेम खेळायचाय की रॉकेट सोडायचंय?"

"बटण दाबल्यावर बेडूक उडायला किती वेळ घेतो, ते मी मोजलंय," तिने पिशवीतून वही काढली. "फोनवर संथ गतीचा व्हिडिओ काढला. अंगठ्याने बटण दाबल्यापासून बेडूक उडेपर्यंत चित्रं मोजली. पहिल्या कंट्रोलरला अडतीस चित्रं लागली. दिवे मात्र लग्नाच्या मांडवासारखे. दुसऱ्याला सत्तावीस, पण डावीकडे दाबलं की मधूनच वरही जातो. मला डावं म्हणजे डावंच पाहिजे. याला सोळा. हा बरा आहे, हा मी ठेवते. पण मला दोन लागतात, आणि दुसरा याच्याहून वाईट असून चालणार नाही."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. मग काउंटरखालून एक खोकं ओढलं. त्यात लोकांनी परत केलेला, खोक्याशिवायचा, नावागावाशिवायचा माल होता. तिने एकेक उचलून पाहिला. तळाशी एक करडा, साधा कंट्रोलर होता. दोन सेल घालायचे, चार बटणं, एक दिशेची फुली. तो हातात बसला तो असा बसला, की तिने क्षणभर अंगठ्याकडे पाहिलं.

"हा कुणी परत केला?"

"कोण जाणे. घेऊन जा. पण पुन्हा आणू नका, हात जोडतो."

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी दादा होता. तिचा थोरला भाऊ.

दादा तेरा वर्षांचा, ती नऊची. आई कामावर असताना दुपारी चार वाजता टीव्हीसमोर दोघांचा खेळ सुरू व्हायचा. एका खोल विहिरीत दोन बेडूक. हिरवा दादाचा, पिवळा हिचा. भिंतीतल्या दगडांवरून उड्या मारत वर यायचं, खालून पाणी चढत असायचं, आधी काठावर पोचेल तो जिंकला. दगड ठरलेले, पाणी ठरलेलं. उन्हाळ्याच्या दोन सुट्ट्या ती खेळली. अंगठ्याला फोड येईपर्यंत. आणि दुसऱ्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी दादाने टीव्हीचं कपाट पुढे ओढून दाखवलं, की तिच्या कंट्रोलरची वायर कशालाच जोडलेली नव्हती. पिवळा बेडूक यंत्र आपलं आपण खेळवत होतं. ती दोन सुट्ट्या नुसती बटणं दाबत बसली होती.

ठीक आहे, पोरवयातली गंमत. पण चाळीस वर्षं? दादाने हा किस्सा तिच्या लग्नात सांगितला, तिला पदोन्नती मिळाली तेव्हा सांगितला, वडील दवाखान्यात पडून होते तेव्हा त्यांना हसवायला म्हणून सांगितला. आणि मागच्या महिन्यात तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तेव्हा या शहाण्याने चहाचा कप खाली ठेवला, मांडीवर थाप मारली आणि सुरू झाला. "आमच्या चिमीला काय, नुसतं दाबायला दिलं की खूश!" सगळे हसले. व्याही हसले. तिची मुलगी हसली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "दादा, पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ये. तोच खेळ, तीच विहीर. दोन्ही कंट्रोलर जोडलेले. मी जिंकले तर हा किस्सा आयुष्यात पुन्हा तुझ्या तोंडून निघता कामा नये."

"आणि मी जिंकलो तर?"

"तर यापुढे मीच सांगेन. दर वेळी. उभी राहून."

"चिमे, चाळीस वर्षांपूर्वीचं ते यंत्र आणणार कुठून?"

यंत्र नव्हतंच लागत. तळहाताएवढा एक छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, त्यात जुनं यंत्र असल्याचं सोंग करणारा प्रोग्राम टाकायचा, आणि जुना खेळ जसाच्या तसा चालतो. तिने चार संध्याकाळी खपून, वाचून, चुकून, शिव्या घालून ते जमवलं. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. तो दारात उभा राहून म्हणाला, "दोन माणसांचा खेळ, आणि तयारी बघावी तर लढाईची."

"लढाईच आहे," ती म्हणाली.

करडा कंट्रोलर घरी आणला त्या दिवशी तिने नेहमीचा नियम पाळला. आधी शून्य. सेल न घालता तो टेबलावर ठेवला, तिसरा कंट्रोलरही बंद करून शेजारी ठेवला, दोन खेळाडूंचा खेळ लावला आणि हात मागे घेतले. घड्याळात चार वाजत होते.

हिरवा बेडूक तळाच्या दगडावर बसून राहिला. बरोबर.

पिवळा बेडूक डावीकडे हलला. पुन्हा डावीकडे. मग उजवीकडे. आणि उडाला. दगड चुकला, पाण्यात पडला.

तिने कंट्रोलर उलटा केला. सेलची जागा रिकामी होती, आत थोडी धूळ. कॉम्प्युटरच्या यादीत एकही कंट्रोलर जोडलेला नव्हता. तिने बिनतारी जोडणीची सोयच बंद केली. पिवळा बेडूक नव्याने दगडावर आला. डावीकडे, डावीकडे, उजवीकडे. उडी. पाण्यात.

खेळात बिघाड असेल. तिने खेळ काढून पुन्हा टाकला. करडा कंट्रोलर दुसऱ्या खोलीत, कपड्यांच्या कपाटात ठेवून आली. पिवळा बेडूक थिजला. कंट्रोलर परत आणून टेबलावर ठेवला. डावीकडे, डावीकडे, उजवीकडे.

तेव्हा ती खुर्चीवर बसली.

कारण ते हलणं तिला माहीत होतं. नऊ वर्षांची असताना प्रत्येक मोठ्या उडीआधी ती अंगठ्याने तसंच करायची. दोनदा डावं, एकदा उजवं. यश यावं म्हणून. तिने ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. टीव्हीवरचा बेडूक तसं कधीच हलायचा नाही, आणि तिला वाटायचं, तो इतका चपळ आहे की आपल्याला दिसत नाही.

पाच वाजता पिवळा बेडूक थांबला. पाच वाजता आई घरी यायची.

त्यानंतर रोज चारला ती काम हाताखालच्या माणसावर सोपवून घरी यायची, खेळ लावायची आणि वही घेऊन बसायची. भीती वाटत होती का? वाटत होती. पण रागावलेल्या माणसाची भीती वेगळी असते, ती पाय ओढत मागून येते. वहीत नोंदी झाल्या. पहिल्या दिवशी तिसऱ्या दगडापलीकडे गेला नाही. तिसऱ्या दिवशी सहावा दगड. पाचव्या दिवशी तुटक्या पायरीवर अकरा वेळा पडला, बाराव्यांदा पार. तो शिकत होता, आणि घाई करत होता. एका दिवसात त्या सुट्ट्यांतला एक आठवडा उरकतोय, असा तिचा अंदाज होता. आठव्या दिवशी पिवळा बेडूक विहिरीच्या काठावर पोचला आणि ती नकळत खुर्चीतून उठली.

अकराव्या दिवशी तिने आयुष्यात न पाहिलेला खेळ पाहिला. एक दगड वाया नाही, एक श्वास जास्त नाही. पाणी पायाशी येऊ देऊन, ते टेकायच्या आत उडी. पिवळा बेडूक भिंतीवरून असा वर आला, जणू विहीर त्याच्याच मालकीची.

दारात नवरा उभा होता, हातात ओले कुंचले. "कोण खेळतंय गं? काय सुरेख खेळतंय."

"मी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "मी चांगली खेळत होते. मला कुणी कळूच दिलं नाही."

नवऱ्याने टेबलावरचा कंट्रोलर पाहिला, तिचे मांडीवरचे रिकामे हात पाहिले, आणि कुंचले धुवायला निघून गेला. चांगला माणूस.

रविवारी सकाळी नवरा दूध घेऊन आला, बेल वाजवली, तिने दार उघडलं. दुपारी साडेतीनला दादा आला. ढेरी, अत्तर, चष्मा, सगळा लवाजमा.

"चिमे, वायर तपासून घे हां!"

"वायर नसतेच आता. हा तुझा. सगळ्यात चांगला आहे, मोजून घेतलाय." तिने तिसरा कंट्रोलर त्याच्या हातात दिला. करडा स्वतः घेतला. त्याचे दोन सेल तिच्या खिशात होते. चार वाजता खेळ सुरू केला.

पहिला डाव अटीतटीचा झाला. दादाच्या हातातली सफाई अजून गेली नव्हती. हिरवा बेडूक आडवातिडवा उड्या मारत वर निघाला, दादा खिदळत होता, "आलो बघ, आलो!" पिवळा एका दगडाने आधी काठावर पोचला.

"वा! चिमी शिकली की!"

दुसऱ्या डावात दादाचं हसणं कमी झालं. "हा अडकतोय गं. मी दाबतो, तो नंतर उडतो." हिरवा बेडूक निम्म्या विहिरीतच पाण्यात गेला. पिवळा वर पोचून वाट बघत बसला.

तिसऱ्या डावात हिरवा बेडूक हललाच नाही.

"सेल गेले," दादा म्हणाला.

तिने नवे सेल घातले. कंट्रोलरवरचा निळा दिवा लख्ख लागला. कॉम्प्युटरच्या यादीत दादाचा कंट्रोलर जोडलेला दिसत होता. डाव पुन्हा लावला.

दादा दाबत होता. आधी अंगठ्याने, मग दोन्ही अंगठ्यांनी, मग कंट्रोलर मांडीवर ठेवून तर्जनीने, कपाळावर घाम येईपर्यंत. हिरव्या बेडकाच्या गळ्याशी पाणी आलं. वर पिवळा बेडूक शेवटच्या दगडावर थांबला. डावीकडे, डावीकडे, उजवीकडे.

उडी.

टीव्हीवर ते जुनं, चिरकं विजयाचं संगीत वाजलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यासाठी वाजलं. ती उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि अशी ओरडली की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. तिला हसू आवरेना. हा सोहळा तिचा होता, आणि तिने तो कंजुषी न करता साजरा केला.

दादा तिच्या हातांकडे बघत होता.

"चिमे," तो म्हणाला, "तू दाबत कुठे होतीस?"

"तू दाबत होतास ना? मग झालं."

त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "बरं. हरलो. नाही सांगणार पुन्हा."

"शब्द?"

"शब्द." त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा, आणि चहाही न घेता निघाला.

तो गेल्यावर तिला टेबलावर त्याचा चष्मा दिसला. ती तो घेऊन दाराशी गेली आणि सवयीने आधी दाराच्या भिंगातून पाहिलं.

दादा लिफ्टसमोर उभा होता. बटण दाबत होता. बटणाभोवतीची लाल कडी उजळत नव्हती. त्याने पुन्हा दाबलं, मग तळव्याने दाबलं. शेजारची बाई आली, तिने एकदा बोट टेकवलं आणि कडी उजळली. लिफ्ट आली. शेजारीण आत गेली. दादा जाणार तोच त्याने खिसे चाचपले, डोळ्यांना हात लावला, ओशाळं हसला आणि मागे वळला.

तो दारापाशी आला. त्याने बेलवर बोट ठेवलं.

घरात शांतता होती. आतल्या खोलीत नवरा पेला धूत होता, त्याचा आवाज येत होता.

दादाने पुन्हा दाबलं. भिंगातून तिला त्याचं नख पांढरं पडलेलं दिसलं. तो किंचित बाजूला झाला, कॉलर सरळ केली, आणि चेहऱ्यावर थोडं हसू ठेवून थांबला. आपण दाबलंय, म्हणजे आत ऐकू गेलंय, अशा खात्रीचं ते हसू होतं.

तिचा हात दाराच्या कडीवर होता.

तिने तो मागे घेतला, आणि बघत राहिली.