पांगरखेडचा निरंक अहवाल

सांडपाणी-वेधशाळेत त्या सोमवारी दोन हजारांवर बाटल्या रांगेनं उभ्या होत्या आणि डॉ. कुमुद बेलसरे त्यातल्या एकीकडे अर्धा तास टक लावून पाहत होती. बाटलीत पाहण्यासारखं काहीच नव्हतं. गढूळ पाणी होतं. पण त्या पाण्याचा आलेख समोरच्या पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन टेकला होता.

"शब्बीरभाई, यंत्र नीट धुतलं होतं ना?"

"तीनदा." वेधशाळेतली यंत्रं अठ्ठावीस वर्षं शब्बीर अत्तारांच्या हातची होती आणि यंत्रावर शंका म्हणजे थेट त्यांच्या खानदानावर शंका. "चौथ्यांदा धुतलं तर त्यालाच सर्दी होईल, मॅडम."

वेधशाळेचं काम ऐकायला गलिच्छ, पण समजायला सोपं होतं. घुसमट नावाच्या तापाचा विषाणू माणसाच्या छातीत शिरला की पोटातही उतरतो आणि तिथून गटारात. रोग्याला पहिली धाप लागण्याच्या चार दिवस आधी त्याचा संडास बातमी फोडतो. म्हणून राज्यातल्या मोठ्या गावांच्या आणि राजधानीतल्या प्रत्येक मॅनहोलच्या सांडपाण्याची एक बाटली रोज कुमुदकडे येई, आणि कुठं किती खाटा लागणार ते ती सरकारला आधी सांगे. गेले एकाहत्तर दिवस तिचं एकही भाकीत चुकलं नव्हतं.

आज चुकत होतं. बाटली पांगरखेडची होती; गाव यादीत नुकतंच आलं होतं, ही त्याची पहिलीच बाटली. मराठवाड्यातलं अकरा हजार वस्तीचं, रेशीमकिडे पाळणारं गाव. पाण्यातला विषाणू पाहता तिथं निदान चारशे माणसं अंथरुणाला खिळलेली असायला हवी होती. आणि तिथल्या आरोग्य केंद्राकडून रोज संध्याकाळी पाचला येणाऱ्या तक्त्यात सलग एकेचाळीस दिवस एकच शब्द होता: निरंक.

सरकारी कचेरीत ज्यानं चार दिवस काढलेत त्याला हा शब्द ठाऊक असतो. कळवण्यासारखं काही नाही, असा त्याचा अर्थ. पण तो बहुतेक वेळा न बघताच लिहिलेला असतो, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

"दडवतायत," पडद्यावरून आरोग्य सचिव यशोधन पत्की म्हणाले. गालात लवंग धरून बोलायची त्यांची अलीकडची सवय होती. "गाव बंद होईल, रेशमाचा हंगाम बुडेल, म्हणून रोगी घरात कोंडलेत. मी आदेश काढतोय. उद्या पाच वाजता पांगरखेड मोहोरबंद. माणसं तीन छावण्यांत हलवायची आणि गाव औषधानं धुऊन काढायचं."

"सगळी अकरा हजार?"

"तुमच्याच आलेखावरून, डॉक्टर. उत्तम काम केलंत."

पत्की वाईट माणूस नव्हते. साथ सुरू झाली त्या दिवशी त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं ते आरोग्य खात्यातल्या सर्व रजा रद्द करणारं, आणि स्वतःही त्या दिवसापासून ते घरी गेले नव्हते. नियंत्रण भवनातच झोपत होते. असा माणूस एकदा ठरवतो तेव्हा मागे हटत नाही. पण छावण्यांची अवस्था कुमुदला माहीत होती. तिथं गेलेल्या दर शंभर म्हाताऱ्यांतले नऊ परत येत नव्हते, आणि उद्या तिथं जी माणसं जाणार होती ती तिच्या आलेखाच्या बोटानं दाखवलेली असणार होती.

"मला उद्या चारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. "मी जाऊन बघते."

"चार म्हणजे चार," पत्की म्हणाले आणि दुसरी लवंग तोंडात टाकली.

मंगळवारी सकाळी वेधशाळेची चौपंखी पांगरखेडच्या तुतीच्या शेतांमध्ये उतरली. शब्बीरभाईंनी मांडीवर छोटा जनुकवाचक असा धरला होता की जणू लेकीच्या घरी दिवाळीचा डबा चाललाय. रोजचं यंत्र विषाणू नुसते मोजायचं. दहा मिनिटांत काम संपे. जनुकवाचक विषाणूचं अक्षर न् अक्षर वाचायचा, पण त्याला तास लागे. साथीच्या घाईत वाचत बसायला कुणाला सवड नव्हती.

कुमुद आधी आरोग्य केंद्रात गेली. आठ खाटा होत्या, आठही रिकाम्या. प्राणवायूच्या टाक्यांवरची सीलंसुद्धा फोडलेली नव्हती. तिथली परिचारिका आधीच रडकुंडीला आली होती. "मॅडम, खरं लिहिलं तर वरती कुणी मानत नाही. खोटं लिहायला रोगी कुठून आणू?"

मग घरं पाहिली. चाळीस घरांत ती स्वतः शिरली, चाळीस जणांच्या बोटांतून रक्ताचा थेंब घेतला. कोंडलेला रोगी एकही सापडला नाही. रक्त मात्र सांगत होतं की चाळिसांतल्या सदतीस जणांत घुसमटीची प्रतिपिंडं आहेत. म्हणजे रोग येऊन गेला होता, काहींच्यात आत्ताही होता, आणि कुणाला पत्ताच नव्हता!

गावातलं सर्वांत मोठं किडेघर रुख्मिणीबाई घुगे चालवायच्या. साठीची, काटक बाई. त्यांनी कुमुदला दारातच अडवलं.

"थांबा तिथंच. सकाळधरनं शिंक आली का तुमाला?"

"नाही."

"खोकला? घसा खवखवला?"

"नाही हो, बाई. मी डॉक्टर आहे."

"डॉक्टरला शिंक येत नसती व्हय?" रुख्मिणीबाईंनी चुन्याच्या पाण्याकडे बोट दाखवलं. "पाय बुडवा अन् मग या. माझ्या किड्यांना रोग लागला तर हंगाम गेला."

"आणि शिंक आली असती तर?"

"तर घरला. बारा दिवस. कुणी कामून म्हणून इचारणार नाही. गावात किडे आले तवापासनं ही रीत हाय. आता शाळेत, दुकानात, एसटीच्या ड्रायवरलाबी तीच."

"मग बारा दिवस त्याचं काम?"

"जोड करती की. हरेकाला जोड असती आमच्यात. माझी जोड ती, पार्वती." आत तुतीची पानं चिरणाऱ्या एका बाईनं मान हलवली. "माझं समदं काम तिला येतं, तिचं मला. मी घरी बसले तरी हजेरी माझीच लागती. मग कोण लपवील शिंक? तुमची जोड कोण हाय, ताई?"

तिच्या कामाला जोड नव्हती, आणि कालपर्यंत तिला याचा अभिमान होता.

तेवढ्यात बाहेरून शब्बीरभाईंची हाक आली. एरवी आवाज न चढवणारा माणूस ओरडत होता. "मॅडम! हा आपला घुसमटवाला नव्हेच! भाऊ आहे त्याचा!"

जनुकवाचकाच्या पडद्यावर दोन ओळी शेजारी शेजारी होत्या. वरची राजधानीतल्या विषाणूची, खालची पांगरखेडच्या. एकवीस जागी अक्षरं बदलली होती, आणि छातीच्या पेशी फोडणारा तुकडा खालच्या ओळीत पार मोडून पडला होता. कुमुदनं दोन्ही ओळी दोनदा वाचल्या. तिनं शब्बीरभाईंचा हातच धरला.

"शब्बीरभाई, समजा तुम्ही विषाणू आहात."

"बायकोला विचारा, ती हेच म्हणते."

"ऐका तर! तुमच्यात दोन प्रकार आहेत. एक जहाल. माणसाला खोकवतो, शिंकवतो, त्यामुळं भराभर पसरतो. दुसरा मवाळ. माणसाला कळतसुद्धा नाही, पण पसरतो हळू. जिंकणार कोण?"

"जहाल. उघड आहे."

"बरोबर. आता पांगरखेडला या. इथं जहालानं माणसाला शिंकवलं रे शिंकवलं की तो माणूस बारा दिवस घरात. म्हणजे जहालाची वाट बंद! मवाळ मात्र ज्याच्या अंगात आहे तो दिवसभर गावात हिंडतोय. आता कोण जिंकेल?"

शब्बीरभाईंचे डोळे मोठे झाले. "या लोकांनी विषाणू पाळलाय, मॅडम. किड्यांसारखा. वाईट काढून टाकायचे, गरीब ठेवायचे."

"पाळलाय, आणि त्यांना माहीतही नाही! ज्याला मवाळ होऊन गेला त्याला जहालाची बाधा होत नाही. गावाला आपसूक लस टोचली गेलीय." कुमुदला हसू आवरेना. आणि मग घड्याळ दिसलं. दीड वाजला होता. पाच वाजता हे गाव औषधानं धुतलं जाणार होतं, आणि मवाळ विषाणू त्याच्याबरोबर गटारात जाणार होता.

चौपंखीत बसल्यावर शब्बीरभाई म्हणाले, "पत्कीसाहेब म्हणतील, एका गावावरून काय सिद्ध होतं?"

"म्हणतीलच, आणि मीही म्हणाले असते." कुमुद बोलता बोलता थांबली. "पण हे खरं असेल तर उलटंही खरं असलं पाहिजे. जिथं आजारी माणसाला बाजूला व्हायची मुळीच मुभा नाही, तिथं जहालाला काही अडथळाच नाही. तिथं त्याची सर्वांत क्रूर जात तयार झाली असणार. वेधशाळेला फोन लावा. राजधानीतल्या सहाशे बारा मॅनहोलच्या बाटल्या मोठ्या जनुकवाचकात घाला म्हणावं. मोजू नका, वाचा!"

चारला पाच मिनिटं असताना ती शब्बीरभाईंना घेऊन नियंत्रण भवनात पोचली. लांबलचक टेबलाभोवती वीसेक अधिकारी बसले होते. मधोमध आरोग्यमंत्री शकुंतला तोरणे, शेजारी पत्की. मागच्या भिंतीवर राज्याचा तक्ता, गावागणिक रोजचे रोगी. कुमुदनं एका दमात सगळं सांगितलं. बोलताना ती इतकी हातवारे करत होती की समोरच्यानं आपला पाण्याचा पेला हळूच बाजूला घेतला.

मंत्रीणबाई पूर्वी शिक्षिका होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे शिंकणाऱ्याला पगारी घरी बसवायचं, एवढंच?"

"एवढंच, ताई. आणि त्याच्या जागी त्याची जोड उभी करायची."

"माफ करा," पत्की म्हणाले. आवाज बसलेला होता. "एका खेड्याच्या रिवाजावर मी राज्य चालवू? इथं माणसं जिवावर उदार होऊन राबतायत. ताप आला तरी गोळी घेऊन खुर्चीत बसतायत. आणि तुम्ही त्यांना शिंक आली की घरी जा म्हणताय? पांगरखेड हा अपवाद आहे. दुसरा पुरावा दाखवा, नाहीतर पाच वाजता आदेश लागू होईल."

"दुसरा पुरावा येतोय," कुमुद म्हणाली. घड्याळात चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती.

वाट बघणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं दोनदा खुर्ची बदलली. चार चाळीसला शब्बीरभाईंच्या हातातला फोन वाजला. त्यांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि कागदावर दोन ओळी लिहून तो तिच्यापुढे सरकवला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"सहाशे बारांपैकी एका मॅनहोलमध्ये विषाणूची नवी जात सापडलीय," कुमुदनं वाचून दाखवलं. "आजवरची सर्वांत जहाल. फुप्फुस फोडणाऱ्या तुकड्याचे एकाचे तीन झालेत. मॅनहोल क्रमांक दोनशे चौदा."

"तिथं कुठलं रुग्णालय आहे?" मंत्रीणबाईंनी विचारलं.

"रुग्णालय नाही, ताई." कुमुदचा आवाज खाली आला. "दोनशे चौदावर एकच इमारत आहे. ही."

मग टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका अधिकाऱ्यानं रुमालात दाबून धरलेला खोकला सुटला. तो सुटला तसा दुसऱ्याचा सुटला. जणू परवानगी मिळाल्यासारखे एकापाठोपाठ सगळे खोकू लागले.

मंत्रीणबाईंनी वळून भिंतीवरचा तक्ता पाहिला. अगदी तळाशी एक ओळ होती: नियंत्रण भवन, कर्मचारी. तिच्यापुढे एकाहत्तर दिवस एकच शब्द होता. निरंक.

"हे कोण भरतं?"

"मी," पत्की म्हणाले. आणि मग लवंग काम देईना. त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांनी टेबलाची कड धरली. उबळ ओसरल्यावर त्यांनी मान वर करून तक्ता पाहिला. पांगरखेडची ओळ वर होती, त्यांची खाली. एकेचाळीस दिवस एका गावानं खरं लिहिलं होतं आणि त्यांनी त्यावरच बोट ठेवलं होतं.

"रजा रद्द करण्याचं परिपत्रक माझं," ते हळू म्हणाले. "किती जणांना दिलं असेल मी हे?"

कुमुदला त्यांची कीव आली. काल हाच प्रश्न तिनं स्वतःला विचारला होता, आपल्या आलेखाबद्दल. "ते नंतर मोजू, सर. आधी सही."

पत्कींनी पेन उचललं. पांगरखेडच्या आदेशावर आडवी रेघ ओढून त्यांनी खाली सही केली. मग दुसरा कोरा कागद ओढला आणि आपल्याच परिपत्रकाचं रद्दीकरण लिहिलं: लक्षणं दिसताच बारा दिवस पगारी रजा, कारण विचारू नये, प्रत्येक पदाला जोड नेमावी. त्यावरही सही केली. चार चोपन्न झाले होते. मंत्रीणबाई स्वतः फोनवर होत्या. पांगरखेडच्या वेशीवर उभ्या असलेल्या गाड्या माघारी वळवत होत्या.

पत्की उठले, दारापर्यंत गेले आणि तोंडावर रुमाल धरून वळले. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. "माझी जोड कोण? मी कुणाला काही शिकवलंच नाही."

"फोनवर शिकवा," कुमुद म्हणाली. "घरी बसून. बारा दिवस आहेत. मीही शब्बीरभाईंना आजपासून आलेख शिकवणार आहे."

"आलेख मला येतो, मॅडम," शब्बीरभाई म्हणाले. "तुम्ही कधी विचारलं नाहीत."

पाच वाजले. तक्ता रोजच्यासारखा ताजा होऊ लागला. वरच्या बाजूला पांगरखेडची ओळ उजळली: निरंक. खाली नियंत्रण भवनाचा रकाना रिकामा, लुकलुकत होता.

"तुम्हीच भरा, डॉक्टर," पत्की दारातून म्हणाले. "मी त्या कळांना हात लावू नये. एक लिहा."

कुमुदनं एक लिहिला.

"दोन करा, बाई," टेबलाच्या टोकाचा अधिकारी उठत म्हणाला.

"तीन," कुणीतरी मागून म्हणालं. खुर्च्या सरकू लागल्या, माणसं आपापल्या पिशव्या उचलू लागली, आणि कुमुद आकडा खोडत, पुढचा लिहीत राहिली. चौदावर येऊन तो थांबला.