पांढऱ्या गाडीतला परका कुत्रा

मागच्या सीटवर कुणीतरी जांभई दिली, तेव्हा कुठे मला कळलं... ही गाडी माझी नाही!

आमच्या हार्लो क्रीकमध्ये हिवाळ्यात दुकानात जाताना कुणी गाडी बंद करत नाही. केली तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. त्यात निम्म्या गावाकडे पांढरे पिकअप. मी अंडी गाडीत ठेवली, विसरलेलं दूध घ्यायला परत आत गेले, बाहेर येऊन समोरच्या गाडीत बसले आणि चार मैल गेले. जांभई देणाऱ्या लठ्ठ कुत्र्याची काहीच हरकत नव्हती.

परत आले, तर दुकानाच्या दारात गाडीचा आणि कुत्र्याचा मालक, शाळेतला नवा मास्तर आयनर उभा. थंडीनं नाक लालबुंद.

"थांबण्यापेक्षा तुम्ही माझी गाडी न्यायची होती ना," मी ओशाळून म्हटलं.

"विचार होता. पण आत तुमची अंडी होती. म्हटलं, गावात एका दिवशी एक चोर पुरे."

मी हसले — आणि तिथेच फसले.

बर्फावर दगड सरकवण्याच्या खेळात आमच्या संघाला चौथा गडी हवा होता. तो आला. सरकत्या दगडापुढचा बर्फ झाडूनं घासायचं काम त्याच्याकडे.

"लॅरिसा, ओरडू नकोस, बर्फ घासतोय ना!"

"घासतोयस कसला, गोंजारतोयस!"

तो वळून माझ्याकडे बघायचा आणि दगड भलतीकडेच जायचा. सगळे सामने हरलो. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

मार्चमध्ये शहरातल्या शाळेनं त्याला नोकरीसाठी बोलावलं. आमची शाळाही ठेवून घ्यायला तयार होती. तो जातो म्हणेल या धास्तीनं मी काय ठरवलंस ते विचारलंच नाही.

गुरुवारी हॉलमध्ये गावजेवणासाठी आम्ही बायका बटाट्याचे पिरोगी, म्हणजे पाण्यात उकडायच्या करंज्या, वळत होतो. आयनर बाह्या सरसावून मदतीला आला. त्याचा प्रत्येक पिरोगी उकळत्या पाण्यात फुटला.

"मास्तर, कडा दाबा, कडा!" स्टेफामावशी खेकसली.

"उद्या शहराला कळवायची शेवटची तारीख," तो माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाला. "राहा म्हणून सगळ्यांनी सांगितलं. पोस्टातल्या बाईंनी, पाद्रीबाबांनी... तू सोडून."

"मी सांगून काय होणार?"

"सांगून तर बघ."

मावशीचं लाटणं थांबलं. मग सगळ्यांचीच थांबली.

"राहा," मी म्हटलं. "शाळेसाठी नको... माझ्यासाठी राहा. मला तू फार आवडतोस, आयनर."

पिठाच्या हातांनी त्यानं माझा हात धरला.

"शहराला मी सोमवारीच नाही म्हणून कळवलंय."

"मग आत्ता एवढ्या बायकांसमोर मला कशाला बोलायला लावलंस?"

"ऐकायचं होतं," तो म्हणाला.