त्रेचाळीस हिरवे ठिपके

तुम्हीच केलंत हे, साहेब. गार हवेच्या खोलीत बसून तुम्ही त्रेचाळीस मुलांना अकरा टॅब दिलेत. तास पस्तीस मिनिटांचा, आणि फर्मान काढलंत की प्रत्येक मुलाने रोज वीस मिनिटं टॅबवर गणितं सोडवलीच पाहिजेत. सोडवली तर नावापुढे हिरवा ठिपका, नाही तर लाल. लाल वाढले की बाईंची बदली. भागाकार तुम्हाला येत नव्हता, की करायचा नव्हता?

मग तिसरीच्या बाई काय करणार? शाळा सुटली की रिकाम्या वर्गात बसायच्या, एकेका मुलाच्या नावाने टॅबमध्ये शिरायच्या आणि स्वतःच गणितं सोडवायच्या.

त्या दिवशी दार ढकलून टॅब दुरुस्त करणारा आत आला. चार्जर विसरला होता म्हणे. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"नाव पिंटीचं," तो हळूच म्हणाला, "आणि बोटं…?"

बाईंचे कान तापले. "करा तक्रार! त्याचाच पगार घेता ना?"

"घेतो की." तो समोरच्या बुटक्या बाकावर कसाबसा मावला. "पण माझ्या तक्रारीची गरजच नाही. आठ वर्षांची पोर दोन सेकंदांत गणित सोडवते होय? आणि सगळं बरोबर आलं की हे यंत्र तिला उद्या पाचवीची गणितं देतं."

पिंटी सकाळी टॅब पालथा घालून का रडली, ते बाईंना आत्ता कळलं.

"मग… चुकायचं कसं?"

"ते मला काय विचारता? बाई तुम्ही आहात."

त्या संध्याकाळपासून दोघं मिळून चुकू लागले.

"बावन्न वजा अठ्ठावीस," तो म्हणायचा. "पिंटी काय लिहील?"

"छत्तीस. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला ठाऊक. वरचा अंक कुठला, खालचा कुठला, बघतच नाही. लंब्याचं चौतीस येईल. तो दशक सुटा करतो आणि एक कमी करायला विसरतो."

"त्रेचाळीस जणांच्या चुका तोंडपाठ?" तो बघतच राहिला. "आणि माझी?"

"तुमची काय… रोज चार्जर विसरता."

"विसरत नाही हो. ठेवून जातो."

बाई हसल्या. हसू लपवायला हात तोंडावर नेला आणि खडू ओठाला लागला. तो पुसायला त्याचा हात निघाला, अर्ध्या वाटेत अडला… आणि उगीचच एका टॅबची वायर गुंडाळू लागला.

"मुलं तुम्हाला टॅबकाका म्हणतात," बाई म्हणाल्या.

"तिशीच्या आत काका! तुम्ही तरी म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

त्याने चार्जर मुद्दाम बाकावर ठेवला आणि निघाला.

सकाळी मात्र फळ्यावर पिंटी छत्तीसच लिहायची. शिकवायला वेळ होता कुठे? सगळा तास टॅबच्या रांगेत सरायचा.

दोन महिन्यांत ठिपके हिरवेगार झाले आणि तुमचं पत्र आलं. वर्ग आपला आपण शिकतोय, स्वतंत्र शिक्षिकेची गरज नाही. तिसरी-चौथी एकत्र बसवा, बाईंना दिवसभराच्या प्रवासावरची शाळा द्या. लाल झाला तरी बदली, हिरवा झाला तरी बदली!

"खरं सांगून टाका," तो म्हणाला. "सगळं खोटं भरलंय म्हणावं. वर्ग वाचेल."

"आणि तुमची नोकरी? भरायला तुम्हीही होतात ना! खाटेला खिळलेल्या वडिलांना काय खायला घालाल?"

"बघू."

"बघू काय? डोंबल! मी नाही सांगणार."

"मग पिंटी?"

बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"बाई, माझा तुमच्यावर…"

"नका बोलू. ऐकलं तर जाता येणार नाही मला."

"म्हणून तर बोलतोय."

आणि तो बोलला. सगळं बोलला. बाईंनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, खडूसकट. "माझाही," म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी तोंड मिटून बदलीच्या शाळेत गेल्या.

त्याची नोकरी टिकली. तो रविवारच्या रविवार लिहितो, येऊ का विचारतो. बाई वाचतात आणि मोबाईल पालथा ठेवतात. त्याच्यासाठी मुलांना वाऱ्यावर सोडलं, आता कुठल्या तोंडाने त्याच्याजवळ सुखाने बसणार? पिंटी शहाऐंशी पोरांत शेवटी बसते. तिला कुणी काही विचारत नाही.

तो नाहीतर पिंटी, या दोघांतलं एक बाईंनी बुडवायचंच, असा डाव तुम्ही मांडलात साहेब. तर आता तुम्हीच सांगा, त्यांनी कुणाला बुडवायचं होतं? आम्ही गावकरी तुमच्या दारात उभे आहोत. उत्तर द्या.