वाळूऐवजी साखर

"मीठ आहे का? डबा पार अळणी झालाय."

ती परीक्षानळ्या धूत होती. मान वर करून पाहिलं, तर प्रयोगशाळेच्या दारात भौतिकशास्त्राचे नवे सर हातात डबा घेऊन उभे.

"इथे त्याला सोडियम क्लोराइड म्हणतात. आणि इथलं काहीही खायचं नसतं."

"का? नाव बदललं की चव बदलते?"

"चव नाही, जबाबदारी बदलते. तुम्ही आडवे झालात तर जाब मला विचारतील."

"म्हणजे काळजी आहे तर..."

रसायनशास्त्राच्या या मॅडमना अख्खी शाळा पाठीमागे 'गंधक' म्हणायची, इतक्या त्या चटकन पेटत. पण त्या दिवशी गंधकबाई चक्क लाजल्या. मग सर रोज मधल्या सुट्टीत काही ना काही मागायला येऊ लागले, आणि तीही घंटा झाली की आधी केस सारखे करू लागली.

आणि मग आली जीवशास्त्राची नवी बाई! टपोऱ्या डोळ्यांची, खळखळून हसणारी. सर मधल्या सुट्टीत तिच्या टेबलापाशी दिसू लागले. हळू आवाजात बोलायचे, मध्येच दोघंही हसायची... इकडे हिच्या अंगाचा तिळपापड! "मला काय त्याचं?" असं ती स्वतःला बजावायची आणि दोन मिनिटांनी पुन्हा खिडकीतून डोकवायची.

त्यात मुख्याध्यापिकांनी कहर केला. पालकांसमोर शिक्षकांनी जोडीजोडीने मिश्रणं वेगळी करून दाखवायची होती, आणि सरांच्या जोडीला त्यांनी नेमकी तीच बाई दिली. बरण्या भरायचं काम अर्थातच हिच्याकडे.

त्यांच्या बरणीत मीठ आणि वाळू घालायची होती. अगदी सोपं काम. पाण्यात मीठ विरघळतं, वाळू गाळणकागदावर राहते, पाणी आटवलं की मीठ परत हातात. हिने वाळूऐवजी साखर घातली. बसा म्हणावं आता वेगळं करत!

पालक जमले. सरांनी मिश्रण पाण्यात टाकलं, जीवशास्त्राच्या बाईने ढवळलं, आणि सगळंच विरघळून गेलं. गाळणकागद कोरा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि... हसू लागली! एकाच भांड्यावर डोकी जोडून पाणी आटवत बसली. लवकर संपलं असतं ते हिच्याच करणीने लांबलं होतं. मग पाणी तपकिरी झालं, फसफसलं, काळंकुट्ट पडलं, आणि करपलेल्या साखरेचा वास दालनभर पसरला.

"साखर हे संयुग आहे," सरांनी सावरून घेतलं. "तापवल्यावर ते मोडलं. हा काळा दिसतोय तो बराचसा कार्बन, म्हणजे मूलद्रव्य."

पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण मुख्याध्यापिका काही फसल्या नाहीत.

"एवढं साधं मिश्रण वेगळं करता येत नाही?" त्या जीवशास्त्राच्या बाईवर कडाडल्या. "पुन्हा तुम्हाला प्रयोगाला उभं करायचं की नाही, याचाच विचार करावा लागेल."

बाईचे टपोरे डोळे भरून आले. हिला खरं तर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आत काहीतरी कळवळलं.

"चूक त्यांची नाही," ती पुढे झाली. "बरणीत साखर मी घातली. मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

सगळं दालन कान टवकारून उभं. तिला खोटं सुचेना.

"मला... बघवत नव्हतं. सर यांच्याशी हसत होते ते."

सरांचे कान लालबुंद झाले. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"ते भांडं घासून चकचकीत करून आणा," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि सर, दोघांनी मिळून. बाकीचं नंतर बघते."

नळाखाली भांडं, भांड्यात चार हात.

"एवढं काय बोलत होतात तिच्याशी?" शेवटी हिने विचारलंच.

"तुमच्याबद्दल. तुम्हाला लग्नाचं कसं विचारायचं, ते विचारत होतो. ऐकून ऐकून बिचारीचे कान किटले."

घासणारे हात थांबले. तिने सावकाश वर पाहिलं. डोळ्यांत पाणी, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

"म्हणजे... माझ्याआधी तिला विचारलंत?"

"चुकलो," तो म्हणाला, आणि साबणाच्या फेसात त्याने तिचा हात धरला. "आता तुम्हाला विचारतो."

"विचारा," ती म्हणाली. "पण तिला सांगायला आज जायचं नाही."