मागच्या रांगेतली लस

"मी तिला पाणी टोचलं नाही, ताई. एवढं माझ्या बहिणीला पटवून द्या. मग नोकरी गेली तरी चालेल."

समोर बसलेल्या नर्सचे डोळे रडून सुजले होते. तिची तान्ही भाची घटसर्पानं गेली होती. लस घेतलेलं मूल त्याच रोगानं जातं कसं? गावभर एकच कुजबुज: मावशीनं खरी लस बाहेर विकली आणि पोरीला पाणी टोचलं. बहिणीनं तर तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. आता केंद्रीय आरोग्य खात्याचं पथक चौकशीला येणार होतं.

ताई खाजगी तपास करत. त्याआधी त्या याच खात्यात तपासणीस होत्या आणि तिथल्या वरवरच्या पाहणीला कंटाळून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी धाकट्या भावाला गाडी काढायला सांगितलं. भाऊ मनानं लाख माणूस, पण त्याचं डोकं जरा सावकाश चाले.

आरोग्य केंद्रातले डॉक्टर आधीच वैतागलेले होते. "गेल्या वर्षी पथकानं फ्रिज गरम म्हणून नापास केला. चारचौघांत सिस्टरची खरडपट्टी काढली. तेव्हापासून पारा जागचा हललेला नाही. हा बघा."

थर्मामीटर फ्रिजच्या दाराशी टांगलेला होता. पारा हवा तिथेच होता.

"यंदा पथकानं काय पाहिलं?"

"हाच पारा. शाबासकी देऊन गेले."

"किल्ली कुणाकडे असते?"

"सिस्टरकडे. मलासुद्धा मागून घ्यावी लागते."

स्टोअरकीपर बोलावल्याबरोबर उसळला. "मी पेट्या दारात उतरवतो, बाई. आत सगळं सिस्टर मांडतात. माझ्या नावावर कशाला बिल फाडता?"

"फ्रिज कधी बंद पडला होता?"

"छे! वीज गेली तर जनरेटर आहे. मध्यंतरी फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवलेली पाण्याची बाटली तडकली, तेवढी बदलून दिली."

"हाच चोर," भाऊ कानाशी लागला. "नजर चुकवतोय."

"त्याच्या डोळ्याला रांजणवाडी झालीय," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी नर्सला जवळ बसवलं. "भाचीला दिलेली लस कशी दिसत होती?"

"नेहमीसारखी गढूळ. पण गाळ लगेच तळाला बसत होता, म्हणून कुपी पुन्हा पुन्हा हलवली. धरून बोटं बधिर झाली होती माझी. मग तळहातात ऊब दिली, पोरीला गार लागू नये म्हणून."

ताईंनी फ्रिज उघडून पार मागच्या भिंतीपर्यंत हात घातला. हात बाहेर काढून त्यांनी गारठलेली बोटं चोळली. मग त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"पाणी गढूळ नसतं. टोचली ती लसच होती. चोरी झालेलीच नाही."

"मग लस गरम झाली असणार!" भाऊ म्हणाला.

"सगळ्यांना धास्ती गरमीचीच. पण ही लस गोठली तरी वाया जाते. पुन्हा पातळ झाली तरी तिच्यात गुण राहत नाही, फक्त गाळ भराभर खाली बसतो. बाटली तडकली, कारण मागं पाण्याचा बर्फ होतो. पारा मात्र दाराशी. तो दाराजवळचंच सांगतो, आणि पथकानं तेवढंच पाहिलं."

"पण लस मागं ठेवली कुणी?" डॉक्टरांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांची नजर नर्सकडे वळली. किल्ली एकाच माणसाकडे होती.

"मी," नर्स म्हणाली. "पुन्हा गरम झाली असं कुणी म्हणायला नको, म्हणून सगळ्यात गार जागी ठेवायचे. आमच्या पोरीची तर अगदी भिंतीला टेकवून." तिनं तोंडाला पदर लावला. "मला चोर म्हणत होते तेच बरं होतं, ताई."

ताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "नापास करताना गोठण्याबद्दल तुम्हाला एका शब्दानं कुणी सांगितलं नाही. हे मी पथकाच्या तोंडावर सांगेन."

"फ्रिज बिघडला होता असं सांगू," डॉक्टर हळूच म्हणाले. "सिस्टरचं नाव कशाला?"

नर्सचं लक्षच नव्हतं. "मागच्या रांगेतली लस बाकीच्या बाळांनाही टोचलीय."

"त्यांना पुन्हा टोचावी लागेल," ताई म्हणाल्या. "पण आजवरची लस फुकट गेली, हे आयांना पटलं पाहिजे."

"मग मीच सांगते. आधी बहिणीला."

भावानं गाडी नर्सच्या बहिणीच्या घरासमोर उभी केली. नर्सनं दारावर थाप मारली. "उघड गं. तपास लागला. ते पाणी नव्हतं."

कडी निघाली. बहीण धावतच बाहेर आली आणि तिच्या गळ्यात पडली. "मला ठाऊक होतं, अक्का! तुझ्या हातून तिचं वाईट होणारच नाही!"

नर्सनं तिला घट्ट धरलं आणि पुढचं सांगायला तोंड उघडलं.