दार उघडेल एवढी जागा

गाडी कशी जपायची हे मला विचारलंत ते बरं केलंत. बसा. मी गाडी चालवायला शिकवते. गाडी रस्त्यावर कमी आणि पार्किंगमध्ये जास्त चेपते, हे माझं पहिल्या दिवशीचं वाक्य असतं. खांबापासून किती अंतर ठेवायचं, आरसे कधी मिटायचे, दार हातात धरून कसं उघडायचं, सगळं मी घोटून घेते. एक गोष्ट मात्र शिकवताना सांगत नाही. तुमची जागाही तळघरातच आहे म्हणालात, म्हणून सांगते.

दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बरीच वर्षं काढल्यावर मी स्वतःचा क्लास काढला. त्यासाठी गाडी घेतली. गडद निळी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा ब्रेक बसवलेली, आणि पाठीवर माझ्या क्लासचं नाव. त्याच सुमाराला आम्ही नव्या सोसायटीत भाड्याने राहायला गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझा नवरा. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे.

फ्लॅटबरोबर तळघरात एक जागा मिळाली. उजव्या हाताला जाडजूड खांब, डाव्या हाताला एक गाडी. ती करड्या कव्हरखाली झाकलेली, दोऱ्या खालून घट्ट बांधलेल्या, कव्हरवर बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतकी धूळ. मी मनात म्हटलं, झालं, लॉटरी लागली! शेजारी हलतच नाही म्हटल्यावर दार आपटणार कोण?

तरी मी माझी सवय सोडली नाही. खांबाला जाड फोम गुंडाळला. दारांच्या कडांना रबराची पट्टी लावली. डिकीत शिकवण्याचे प्लास्टिकचे शंकू असतात, ते काढता यावेत म्हणून गाडीचं तोंड भिंतीकडे. आणि मला उजवीकडून उतरायचं असतं, म्हणून ती बाजू मोकळी ठेवून डावी बाजू रेषेला चिकटवून. रेषेवर नाही हं, रेषेला. चाक आणि रेष यांच्यात माझं बोट जेमतेम जाईल. अशी गाडी लावणारी बाई त्या इमारतीत दुसरी नव्हती.

पहिला पोचा दिसला तो दुपारीच. सकाळचे विद्यार्थी आटपून मी जेवायला घरी येते आणि उन्हं उतरली की पुन्हा निघते. त्या दिवशी खाली आले तर डाव्या दारावर, मधोमध, नखभर उभी खाच. रंगही उडालेला.

नवऱ्याला दाखवली. त्याने चष्मा वर सरकवला, खाली सरकवला.

"शिकवताना कुठे घासली असेल," तो म्हणाला.

"माझ्या हातून?"

"मी फक्त म्हटलं."

"तू फक्त नंबर काढ लोकांचे."

चार दिवसांत त्याच ठिकाणी दुसरी, मग तिसरी. माझं डोकं फिरलं. अहो, ज्या बाईची स्वतःची गाडी चेपलेली, तिच्याकडे शिकायला कोण येणार? एक विद्यार्थिनी तर हसत म्हणालीही, "मॅडम, हे तुमचं का माझ्या आधीच्याचं?" ती पुढच्या आठवड्यात आलीच नाही.

मी वॉचमनला गाठलं. तो उताराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो.

"ताई, दुपारी खाली कुणी जात नाही. माझ्यासमोरून गेल्याशिवाय जाताच येत नाही."

"मग पोचे काय आकाशातून पडतात?"

तो मग खुर्ची उगाच थोडी उन्हाकडे सरकवत म्हणाला, "त्या जागेवर आधीच्या साहेबांच्या गाडीलाही पडायचे."

मी बाजारातून गाद्यांसारखं संरक्षण आणलं. लांब, जाड, चुंबकाने दाराला चिकटणारं. लावलं आणि निर्धास्त वर गेले. खाली आले तेव्हा ते जमिनीवर पडलं होतं. उचलून बघितलं, तर त्यावर एक उभी चीर. कुणीतरी एकाच जागी पुन्हापुन्हा धारदार कड आपटावी तशी.

तेव्हा मी ठरवलं, आता आपणच बसायचं. गाडीतला कॅमेरा समोरचं दाखवतो, बाजूचं नाही. डोळे माझे शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गाडी रोजच्यासारखी लावली, मोठ्याने दार लावल्याचा आवाज केला आणि आतच राहिले. मागच्या सीटवर आडवी झाले. हातात छत्री होती. पकडला की आधी छत्री, मग चौकशी, असा माझा बेत.

तिथले दिवे हालचालीवर लागणारे. हालचाल थांबली की थोड्या वेळाने एकेक करून विझतात. आधी उताराजवळचा गेला. मग लिफ्टजवळचा. मग माझ्या डोक्यावरचा. बाहेर भर दुपार होती, पण तळघराला दुपार कुठली? लांब जिन्यावरच्या हिरव्या पाटीचा उजेड तेवढा उरला. पाण्याच्या टाकीत थेंब पडत होता. ओल्या सिमेंटचा, रबराचा, जुन्या ऑइलचा वास.

मग वास बदलला.

उन्हात तापलेल्या बंद गाडीचं दार उघडलं की अंगावर येतो ना, तसा वास. गरम सीटचा, घामाचा. तळघरात ऊन कधीच येत नाही, हे माझ्या डोक्यात यायला जरा वेळ लागला.

आणि खट् असा आवाज झाला. दाराची कडी आतून ओढल्याचा. हा आवाज मी झोपेतही ओळखेन.

मी मान वळवली. शेजारच्या गाडीचं कव्हर फुगत होतं. आतून. दार उघडावं तसा कापडाचा एक उभा तंबू झाला, हळूहळू माझ्याकडे आला, आणि ठक्... माझ्या दारावर टेकला. माझी गाडी किंचित हलली. तंबू मागे गेला. थांबला. पुन्हा आला. ठक्. आता जरा जोरात. मग पुन्हा. त्याच्यामध्ये कापडाआडून काहीतरी ऐकू येत होतं... जिने चढून आलेला माणूस दम घेतो तसं... फक्त हा दम बाहेर पडत नव्हता.

एवढी हालचाल चालली होती, पण एकही दिवा लागला नाही.

घाबरले का? घाबरले. खोटं कशाला बोलू. छत्री माझ्या हातून कधी सुटली ते कळलंही नाही. पण माझ्या पायांना जादा ब्रेकची सवय आहे. समोरचा गोंधळला की मी गोंधळत नाही. मी उजवीकडचं दार ढकललं आणि बाहेर आले. दिवे फटाफट लागले. कव्हर गुळगुळीत. धूळ तशीच. फक्त दाराच्या कडेवर एका उभ्या रेषेत कापड विरलं होतं, आतल्या बाजूने.

ती गाडी चौथ्या मजल्यावरच्या काकूंची. एकट्या राहतात. मी सरळ वर जाऊन बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं, माझा चेहरा पाहिला आणि पाणी आणायला आत गेल्या.

"काकू, तुमची गाडी कुणी वापरतं का?"

"नाही गं. किल्ली स्वयंपाकघरात आहे. बॅटरी कधीच मेली."

"मग तिचं दार कसं उघडतं?"

त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि तो सोडायला विसरल्या. दोघींनी तो तसाच धरून ठेवला होता.

"काका तिच्यातच गेले," त्या म्हणाल्या. "दुपारचे आले होते बाहेरून. मी बहिणीकडे होते. छातीत दुखायला लागलं असणार... शेजारी, तुझ्या आत्ताच्या जागेवर, एक मोठी गाडी लावली होती, अगदी चिकटवून. दार एवढंसंच उघडायचं." त्यांनी दोन बोटांमध्ये फट करून दाखवली. "दुसऱ्या बाजूला सरकायचं भान राहिलं नसेल. त्या माणसाच्या गाडीचा रंग पार खरवडून निघाला होता. किती वेळा ढकललं असेल दार, कुणास ठाऊक."

"कुणी आलंच नाही?"

"तळघर ते. तिन्हीसांजेला कुणाला तरी दिसले."

मी पाणी प्यायले. माझ्या डोळ्यांसमोर ती रेष होती, आणि चाकाच्या आणि रेषेच्या मधलं माझं ते बोट. एवढं कौतुक होतं मला त्या बोटाचं.

"काकू, मी कव्हरची एक दोरी सोडली तर चालेल?"

त्यांनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाल्या, "सोड."

मी खाली गेले. गाडी बाहेर काढली, फिरवली आणि उलटी आत घेतली. आता खांब डाव्या हाताला आला. मी गाडी खांबाच्या फोमला टेकेपर्यंत दाबली, अगदी फोम चुरचुरेपर्यंत. दुसऱ्या बाजूला ऐसपैस जागा झाली. एखादा जाडजूड माणूस पिशव्या घेऊन आरामात उतरेल एवढी. मलाही त्याच जागेत उतरायचं होतं. उतरले. समोर दोन हात अंतरावर काकांच्या गाडीचं दार.

दोरीची गाठ सुटता सुटेना. शेवटी सोडली, कव्हर टपावर दुमडून टाकलं. काच धुळकट होती. आत वाकून बघितलं नाही. ते मला गरजेचं वाटलं नाही.

"काका," मी म्हटलं. माझा आवाज ठीक होता. "जागा केलीय. उतरा."

आणि मी लिफ्टच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले, जराही न हलता.

दिवे विझले. तो तापल्या सीटचा वास आला. खट्. दार उघडलं. बिजागरी कुरकुरली, दार पूर्ण उघडलं, थांबलं. माझ्या गाडीला स्पर्शही नाही. मग ते पुन्हा मिटलं, दुसऱ्याच्या गाडीला लागू नये म्हणून हाताने धरून लावावं तसं. मी शिकवते अगदी तसं.

मग काकांच्या गाडीवरचा दिवा लागला. नंतर त्याच्या पुढचा. नंतर त्याच्या पुढचा, माझ्याकडे येत. वारं नाही, पावलांचा आवाज नाही, नुसते दिवे. माझ्या डोक्यावरचा लागला तेव्हा मी डोळे मिटले. शेजारून ऊब गेली. लिफ्टचं दार उघडलं, बंद झालं. डोळे उघडले तेव्हा वर आकडा चारवर थांबला होता.

काकूंनी मला कधी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पोचे बंद झाले. मी दार ठोकून, रंगवून घेतलं. क्लास जोरात चालू लागला. आता तर दुसरी गाडी घ्यावी असं चाललंय. नवरा म्हणतो, "तुझं ते फोमचं गणित बरोबर निघालं." मी म्हणते, "माझं गणित चुकत नाही."

हे असं इथेच संपलं असतं तर मी तुम्हाला हसत हसत सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात काकांच्या गाडीच्या पलीकडची जागा एका नर्सबाईंना मिळाली. नवी गाडी, हौस मोठी. परवा त्या माझ्याकडे आल्या.

"ताई, सगळे म्हणतात पार्किंगचं तुम्हाला विचार. माझ्या गाडीला रोज एकाच जागी काहीतरी लागतंय."

मला वाटलं, यात काय अवघड! काका परत येऊन तिकडून उतरू बघत असतील, तिकडूनही दोरी सोडू. मी ऐटीत खाली गेले. त्यांच्या गाडीवरच्या खाचा बघितल्या, अंदाज घेतला, आणि काकांच्या गाडीकडे वळले. त्या बाजूचं कव्हर अजून बांधलेलं होतं. कापड विरलं होतं. पण पुढच्या दाराशी नाही. मागच्या.

मी चौथ्या मजल्यावर गेले.

"काकू, त्या दिवशी काका गाडीत एकटेच होते ना?"

"एकटेच. का गं?"

"मागच्या डाव्या दाराला..."

काकूंचा हात चौकटीवर होता. तो तिथेच आवळला.

"ते दार आतून उघडत नाही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "लहान मुलं उघडतात म्हणून आतलं कुलूप असतं ना... ते ह्यांनी लावून ठेवलं होतं."

काकूंना मूलबाळ नाही. कधी नव्हतंच. मग मागच्या सीटवर काका कुणाला कोंडून ठेवत होते? मी काही विचारणार तोच त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं.

"त्या नर्सबाईला सांग," त्या म्हणाल्या, "गाडी अजून चिकटवून लाव म्हणावं. अगदी टेकवून. त्या बाजूला... जागा सोडू नकोस म्हणावं."

आणि त्यांनी दार लावून घेतलं. आतून आधी कडी, मग साखळी, आणि मग जमिनीवरून काहीतरी जड ओढत दाराशी आणल्याचा आवाज आला.