भिंतीबाहेरची वस्ती

सम्यकचं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात होतं. गिरणीची चिमणी तेवढी शिल्लक ठेवली होती. तिच्या पायथ्याशी आता कॉफीचं दुकान होतं, आणि जिथे पूर्वी यंत्रांची धडधड चाले तिथे काचांच्या आड गार हवेत पोरंपोरी गेम बनवत बसत. सम्यकचा बाप आनंदा हा अशाच एका गिरणीत, सूत कातायच्या रिंग खात्यात, आयुष्य घालवून गेला होता. ही गोष्ट ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हती. सांगण्याची वेळच आली नाही, असं सम्यक स्वतःला सांगे.

कुणी विचारलं, राहतोस कुठे, तर तो म्हणे, "वरळी." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे समुद्र येई, गॅलऱ्या येत. सम्यक ते येऊ देई. तो राहत होता ती कामगारांची जुनी बीडीडी चाळ; पण हे शब्द त्याने तिथे एकदाही उच्चारले नव्हते.

त्याचं काम जागा बनवण्याचं. गेममधली माणसं ज्या गल्ल्यांतून पळतात, ज्या दारांमागे लपतात, त्या गल्ल्या आणि ती दारं तो करी. ओल धरलेली भिंत, गंजलेली कडी, हात लागून लागून गुळगुळीत झालेला कठडा. यात त्याचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता.

त्या वर्षी बाहेरदेशीच्या एका कंपनीचा मोठा गेम आला. जग बुडालेलं आहे. उरलंय ते एक झगमगतं शहर, आणि ते सगळं शहर म्हणजेच एक जुगारखाना. आत उरलेसुरले श्रीमंत, भोवती भिंत. भिंतीबाहेर एक वस्ती, जिथे ना कायदा ना पोलीस. शहरात शिरायचं तर खेळणाऱ्याने आधी या वस्तीतून जायचं: दारं फोडायची, हाती लागेल ते लुटायचं, आडवा येईल त्याला मारायचं.

वस्ती सम्यककडे आली. त्याचा वरिष्ठ अभय म्हणाला, "एकदम रॉ पाहिजे यार. नेटवरचे फोटो नकोत. एखादी खरी जागा बघ. पाडायला काढलेली असेल तर बेस्ट."

सम्यकला जागा शोधावी लागली नाही. त्यांची चाळ तेव्हा रिकामी व्हायच्या बेतात होती. लोक बोचकी बांधत होते, नवी घरं होईपर्यंत राहायच्या ट्रान्झिट बिल्डिंगच्या चाव्या वाटल्या जात होत्या. एका रविवारी सकाळी तो, समोरचं सगळं जसंच्या तसं कॉम्प्युटरात उतरवणारा स्कॅनर आणि दिवा घेऊन, चाळीच्या लांब व्हरांड्यात उभा राहिला.

लोकांना कोण कौतुक. आनंदाचा पोरगा चाळीचं शूटिंग करतोय, म्हणून शेजारच्या राधाबाईंनी पिंपांवरची झाकणं घासून ठेवली. कशासाठी रे हे, असं त्यांनी विचारलं तेव्हा सम्यक म्हणाला, "आठवण म्हणून." हे म्हणताना त्याने मान खाली घालून दिव्याची वायर सोडवली, जी गुंतलेली नव्हती.

मग त्याने माणसंही घेतली. एकेकाला मधोमध उभं करून चारी बाजूंनी स्कॅनर फिरवायचा, आणि आई, शांताबाई, दिवा धरायची. सीताराममामा आले. बसवर कंडक्टर होते ते, आणि निवृत्तीनंतर तळमजल्यावरची अभ्यासिका त्यांनीच चालवली. सम्यक दहावीला होता तेव्हा घरात पाहुणे भरले की मामा त्याच्यासाठी अभ्यासिकेचं कुलूप उघडून देत आणि त्याचं आटपेपर्यंत स्वतः दारात पेपर वाचत बसत. त्यांना सम्यक म्हणाला, "मामा, जरा चिडल्यासारखं करा. कुणी घरात घुसलंय असं." मामांनी हसत हसत मूठ उगारली. राधाबाईंना त्याने दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीला टेकायला सांगितलं. त्यांना ती गंमत वाटली. पदर सावरून त्या तशा उभ्या राहिल्या.

"मला पण घे की," शांताबाई म्हणाली.

"नंतर, आई."

तिला त्याने घेतलं नाही. आपली खोलीही घेतली नाही. गेममध्ये तिथे फक्त एक बंद दार रंगवून टाकलं.

पुढे ऑफिसात, स्क्रीनवरच्या चाळीत, व्हरांड्यातले दिवे गेले, भिंतींवर काजळी चढली, छत खचलं. सीताराममामांच्या गालावर वार आला, हातात सुरा आला, आणि ते वस्तीतल्या लुटारूंचे म्होरके झाले. राधाबाईंच्या पिंपात चोरीचा माल आला. मागे उभं राहून बघणारे म्हणत, काय जमलंय, बघूनच वास येतो. सम्यक हसे. घरी जाताना मात्र तो बिल्डिंगखालच्या बाकड्यावर बसलेल्या मामांना लांबूनच "जयभीम मामा" करी आणि लिफ्टमध्ये शिरे.

ट्रान्झिट बिल्डिंगमध्ये सगळी चाळ आता एकावर एक रचलेली होती. दारं बंद असत. तिथे राहायला येऊन थोडे दिवस झाले असतील, सम्यकच्या पुढ्यात ताट ठेवताना शांताबाई म्हणाली की राधाबाईंना झोपेत आपली चाळ दिसते.

त्यात नवल काय, सम्यक म्हणाला. जन्म गेला तिथे.

"तसं नाही. म्हणते, चाळ तीच, पण उजाडतच नाही."

सम्यकने भात कालवला. असतं असं, तो म्हणाला.

मग सीताराममामांना दिसली. मग टोकाच्या खोलीतल्या नवरा-बायकोंना. लोक सकाळी लिफ्टसाठी ताटकळताना एकमेकांना सांगत आणि आधी हसत. चाळ तीच. भिंती काळ्या. लांबवर, समुद्राच्या बाजूला, दिव्यांचं एक शहर दिसतं, पण तिकडे जाता येत नाही.

गेमच्या आभाळात त्या शहराचा उजेड सम्यकने त्याच आठवड्यात भरला होता.

तो हिशेबी डोक्याचा माणूस. त्याने विचार केला, आईने आपल्या फोनवर एखादं चित्र पाहिलं असेल, ती राधाबाईंकडे बोलली असेल, एकाचं दुसऱ्याला लागलं असेल. सगळ्यांनाच चाळ सुटल्याचं दुःख, सगळ्यांना एकच स्वप्न. पण गेममधल्या व्हरांड्याच्या टोकाला नळ होता तिथे त्याने जळतं पिंप ठेवलं, आणि दुसऱ्या सकाळी मामा बाकड्यावर कुणाला तरी सांगत होते की नळाच्या जागी आता पिंप पेटलेलं असतं आणि त्याच्या धुराने डोळे चुरचुरतात. त्यांचे डोळे खरंच लाल होते.

आणखी एक गोष्ट सम्यकच्या ध्यानात आली. ज्यांना त्याने दिव्यासमोर उभं केलं होतं, त्यांनाच दिसत होतं. बाकी चाळ शांत झोपत होती.

तेव्हा त्याने एक करून पाहिलं. गेममधल्या चाळीच्या पटांगणात त्याने एक मोठा पिंपळ उभा केला आणि त्याच्या फांदीला लाल पाटाचा झोपाळा टांगला. असा झोपाळा चाळीत कधीच नव्हता. कुणाला सांगितलं नाही, फोनवर चित्र घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी राधाबाई त्यांच्याकडे वाटीभर चटणी घेऊन आल्या. चेहरा उजळलेला.

"शांते, काल बरं दिसलं गं. झाड होतं, झोपाळा होता. लाल. मी बसले, ह्या वयात."

सम्यक बुटाची नाडी बांधत होता. त्याची बोटं थांबली.

त्यानंतर तो ऑफिसात हळूच एकेक गोष्ट आत सरकवू लागला. एक भरलेला माठ, एका खिडकीत कंदील, खाली एक सतरंजी. बिल्डिंगमधली माणसं जरा टवटवीत दिसू लागली. मामा पुन्हा पेपर वाचू लागले. सम्यकला वाटलं, हे असं निभावून नेता येईल. कुणाला काही सांगावं लागणार नाही.

पण गेम तपासणाऱ्या मुलांची तक्रार आली. अमित नावाचा मुलगा होता, त्याने अभयला बोलावून दाखवलं. वस्तीतले लुटारू आपापली जागा सोडून पटांगणात येतात आणि झाडाखाली बसतात. खेळणारा जवळ गेला तरी उठत नाहीत. सुरे बाजूला ठेवलेले असतात.

"हे कुणी घातलं?" अभयने विचारलं.

कुणीच घातलं नव्हतं. सम्यक स्क्रीनकडे बघत होता. काळवंडलेल्या पटांगणात सतरंजीवर ती माणसं ओळीने बसली होती, पौर्णिमेला वंदनेसाठी चाळीत बसत तशी.

"बग असेल. झाड काढून टाक, हे कंदीलबिंदील पण," अभय म्हणाला. "क्लायंटला असं घरगुती नकोय. भीती वाटली पाहिजे यांची. काय?"

ती माझी माणसं आहेत, असं म्हणायला सम्यकचं तोंड उघडलंही असेल. शेजारी अमित उभा होता, पलीकडे दोघी मुली कॉफी पीत होत्या.

"ओके," तो म्हणाला, आणि त्याने झाड काढलं. एक बटण दाबण्याचं तर काम.

दुसऱ्या दिवशी राधाबाई आल्या नाहीत. खाली बाकड्यावर मामा एकटेच होते. सम्यकने लांबूनच जयभीम केला. मामांनी मान वर केली.

"झाड कुणी तोडलं रे?"

त्यांनी आरोप केला नव्हता. आपण कुणाला विचारतोय हेही त्यांना कळलं नसावं. सम्यक ऐकू न आल्यासारखं करून पुढे गेला. त्या दिवशी लिफ्टमध्ये त्याने आरशाकडे पाठ केली.

मग गेम बाजारात आला. पहिल्याच दिवसापासून जगभरातली पोरं भिंतीबाहेरच्या वस्तीत शिरू लागली. ऑफिसात केक कापला. सम्यकच्या पाठीवर थापा पडल्या.

बिल्डिंगमध्ये माणसं झोपेनाशी झाली. दिवसाढवळ्या जिन्यात, कठड्याला धरून, डोळे ताणून बसू लागली. आता हसत कुणी सांगत नसे, पण शांताबाईच्या कानावर तुकडे येत आणि ती ते सम्यकला सांगे. माणसं येतात. एक गेला की दुसरा येतो. त्यांना तोंडं नसतात. लाथ घालून दार फोडतात. आपल्याला बोलायचं असतं, की बाबा बस, पाणी घे. पण तोंडातून शब्द येत नाही, हातात सुराच येतो. मरण येतं. आणि पुन्हा आपण त्याच दाराशी उभे.

"मामा म्हणतात, मी कधी कुणावर हात उगारला नाही," शांताबाई म्हणाली. "रडत होते रे ते."

सम्यक ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो अभयच्या केबिनमध्ये गेला आणि दार लावून घेतलं. ती चाळ माझी आहे, तो म्हणाला. ती माणसं माझ्या शेजारची आहेत, त्यांना मी खोटं सांगून घेतलं. त्यांना गेममधून काढायचंय. बोलताना त्याचे कान तापले होते. ज्या वाक्याला तो इतकी वर्षं भ्यायला होता ते इतकं छोटं निघालं.

अभयचा चेहरा खुलला.

"अरे, आधी का नाही बोललास? काय स्टोरी आहे यार ही. तुझी मुलाखतच घेऊ." आणि मग, जरा समजुतीने, "काढता नाही येणार रे. आता ते आपल्या हातात नाहीये."

सम्यक तिथून निघाला तो परत ऑफिसात गेला नाही.

तो बिल्डिंगखाली पोचला तेव्हा ऊन चांगलं होतं. लिफ्टचं दार उघडलं. आत राधाबाई होत्या, हातात भाजीची पिशवी. सम्यकला पाहताच पिशवी खाली पडली. त्यांचे दोन्ही हात वर गेले, डोक्यावर, आणि पाठ लिफ्टच्या भिंतीला टेकली. टोमॅटो त्याच्या पायांशी घरंगळले.



मग राधाबाई शरमल्या. "काय बाई झालं मला," त्या पुटपुटल्या आणि वर गेलेल्या हातांनी अंबाडा सावरल्यासारखं केलं. सम्यकने खाली वाकून टोमॅटो गोळा केले. सांगावं, आताच सांगावं, असं त्याला वाटत होतं. त्याने पिशवी पुढे केली. त्यांनी ती लांबून घेतली.

घराचं दार उघडंच होतं. शांताबाई खाली पाट घेऊन कोळीवाड्यातून आणलेले ओले बोंबील साफ करत होती. आज लवकर कसा, असं तिने विचारलं नाही.

सम्यक तिच्यासमोर बसला. सगळं सांगायचं ठरवून बसला होता. पण बोलली तीच.

"काल मलाही दिसलं."

बोंबलाचं डोकं तिने अलगद वेगळं केलं.

"तुला कसं दिसेल, आई? तुला मी..." तो थांबला.

"दिसलं."

"आपल्या दाराशी आलं कुणी?"

"आला की."

"मग?"

"कडी वाजवली. तोंड नव्हतं त्याला. पण आई म्हणाला. आवाज तुझा होता." तिने हात धुतले, पदराला पुसले. "म्हणून मी उघडलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला. सम्यकने विचारलं, मग काय झालं.

शांताबाई उठली. "असू दे," म्हणाली. "चहा टाकते."

तिने चहा केला, नेहमीसारखा आलं ठेचून. कप त्याच्या पुढ्यात, पण जरा लांबवर, जमिनीवर ठेवला, बोटाने पुढे सरकवला, आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकून बसली. सम्यक काही बोलला, बरंच बोलला. ती हो हो म्हणत होती. पण एकदाही तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ती त्याच्या हातांकडे बघत होती.